पान

गाडी डावीकडं झुकून उभी, महिना झाला.
आधी मला वाटलं, आमचा बोळच तिरका.
मग फुटबोर्डावर वळलेली एक विडी ठेवली,
ती गडगडत जाऊन गटारीत पडली.

अंबादास म्हणाला, घरीच खोलू.
जॅक आहे, पाना आहे, मेव्हणा रविवारी मोकळा आहे.
घरात आम्ही तेलुगू बोलतो,
पैशाचं भांडण मात्र मराठीत.
त्या दिवशी तो मराठीतच सुरू झाला.

अक्कलकोट रोडला दस्तगीरभाईनं
चाकाच्या वर नुसता हात घालून सांगितलं होतं:
दोन नंबरचं पान गेलंय, बुश खलास,
शॅकलची पिन झिजून कमरेत बारीक झालीय.
नऊ हजार दोनशे. तीन दिवस गाडी इथं.

दोनशे रुपये हजारी.
म्हणजे सेहेचाळीस हजार विड्या,
छाट धरली नाही तर.
घरी केलं तर सामानाचे चार हजार,
म्हणजे वीस हजार विड्या
आणि अंबादासची पाठ,
जिचा भाव अजून कुणी काढलेला नाही.

गाडी माझ्या नावावर आहे.
बाईला व्याज कमी, म्हणून.
पण नाव म्हणजे नाव.
मी बॅटरी घेतली, पदर खोचला
आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या खाली शिरले.

काळं ग्रीस. वाळून दगड झालेला चिखल.
कुठल्या तरी कारखान्याच्या वाटेवरचं उसाचं पाचट,
आणि एकाखाली एक सात पानं,
थोरल्याखाली धाकटं, त्याखाली आणखी धाकटं.

पान मला कळतं.
तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन पानंच बघतेय,
शीर कुठं जाड, कुठं फाटणार,
कात्रीच्या आधी बोटाला कळतं.
दुसऱ्या पानावर गंजाची रेघ होती, केसाएवढी.
चौथ्यावरही होती.
चौथ्याचं दस्तगीरभाई बोलला नव्हता.

"गंज असेल नुसता," अंबादास.
"मधला बोल्ट कापला की दिसेलच की," मेव्हणा.

मधला बोल्ट.
आमच्या शेडमधल्या अनसूयाचा नवरा
असाच दारात बसून मधला बोल्ट कापत होता.
दाबून धरलेली पानं एकदम सुटली.
आता तो डाव्या हातानं चहा पितो
आणि कुणी विचारलं तर सांगतो, लूममध्ये गेला.

म्हणून मी म्हटलं:
चाक इथं काढा, यू-बोल्ट इथं सोडवा,
बुश आणि पिन आपण घालू.
पण कमान बांधली आहे तशीच टमटममध्ये घाला.
ती दस्तगीरभाईच्या प्रेसखालीच सुटेल.

यू-बोल्टच्या एका नटानं दोन रात्री घेतल्या.
रॉकेल पाजलं, शिव्या दिल्या,
अंबादास पाईपवर चढून नाचला,
सगळ्या बोळानं तीन भाषांत सल्ला दिला.
शेवटी समोरचं शाळकरी पोर म्हणालं,
"का बे काका, उलटं फिरवताय!"

दस्तगीरभाईनं प्रेस हळूहळू सैल केला.
पानं श्वास सोडल्यासारखी वर आली, एकही उडालं नाही.
त्यानं चौथं उचललं, उन्हात धरलं,
नखानं रेघ खरवडली.
"भाभी, ये किसने देखा?"
मी म्हटलं, माझं कामच आहे ते.
त्यानं तीनशे कमी लावले,
किंवा जोडायचे विसरला.

सगळे मिळून सहा हजार शंभर.
साडेतीस हजार विड्या.
पैकी नऊशे मी त्याच रात्री वळल्या,
बोटांना तंबाखूच्या वर ग्रीसचा वास,
दुसऱ्या दिवशी छाटवाल्यानं नाक मुरडलं.

सोमवारी गाडी जॅकवरून उतरली.
अंबादासनं टायरला लाथ मारून बघितली,
का ते त्यालाही माहीत नसावं.
मी फुटबोर्डावर विडी ठेवली.
ती जरा थांबली,
आणि सावकाश
उजवीकडं निघाली.

अंबादास माझ्याकडं बघेना.
मी विडी झेलली, गटारीत जाऊ दिली नाही.
उजव्या बाजूचं
दिवाळीनंतर बघू.